पदवी नसताना परदेशात इंग्रजी शिकवण्याची पहिली नोकरी कशी मिळवावी

पदवी नसलेले उमेदवार सहसा शाळांच्या जाहिराती चाळण्यापासून सुरुवात करतात. त्याऐवजी त्यांनी आधी व्हिसाचे नियम वाचावेत. पदवीची अट पुष्कळदा शाळेची नसून तिथल्या सरकारची असते, आणि तशी ती असेल तर उमेदवार कितीही पसंत पडला तरी शाळेच्या हाती काही उरत नाही. दक्षिण कोरियाचा इ-२ व्हिसा (परदेशी भाषाशिक्षकांना मिळणारा) आणि चीनमधील शिक्षकाचा कार्य-परवाना या दोन्हींसाठी पदवी लागते, शिवाय उमेदवाराचा पासपोर्ट कोणत्या देशाचा आहे हेही पाहिले जाते. तेव्हा हे देश यादीतून सरळ वगळावेत. ‘कागदपत्रांचे आम्ही बघून घेऊ’ असे सांगणारा मध्यस्थ भेटला, तर तो बहुधा बनावट पदवी किंवा पर्यटक व्हिसावरचे काम सुचवत असतो. पकडले गेल्यास शिक्षा आणि हद्दपारी उमेदवाराच्या वाट्याला येते, मध्यस्थाच्या नव्हे.

उरलेले मार्ग मोजके असले तरी खरे आहेत. कंबोडियात इ वर्गाचा सर्वसाधारण व्हिसा घेऊन प्रवेश करायचा, तो तिथे वाढवून घ्यायचा आणि मालकामार्फत कार्य-परवाना काढायचा, असा क्रम असतो, आणि पदवी नसलेल्यांना घेणाऱ्या शाळा तिथे आढळतात. मेक्सिकोतील अनेक खासगी भाषासंस्था पदवीपेक्षा अध्यापनाच्या प्रमाणपत्राकडे पाहतात. मात्र तिथल्या राष्ट्रीय स्थलांतर संस्थेकडे मालक म्हणून नोंद असलेली संस्थाच परदेशी माणसाला कायदेशीर नोकरी देऊ शकते, म्हणून ती नोंद आहे का, हा प्रश्न पहिल्याच पत्रात विचारावा. चेकियात (चेक प्रजासत्ताकात) भाषेचे वर्ग घेणे हे शैक्षणिक पात्रतेची अट नसलेल्या मुक्त व्यवसाय-परवान्यात बसते, परंतु युरोपीय संघाबाहेरच्या नागरिकाला त्याआधी दीर्घ मुदतीच्या व्हिसाची सोय करावी लागते. ज्यांच्या देशाचा जपानशी ‘वर्किंग हॉलिडे’ करार, म्हणजे तरुणांना फिरता फिरता कामही करू देणारा करार आहे, त्या तरुणांना, साधारणपणे १८ ते ३० या वयात, तिथे पदवीशिवायही शिकवता येते. नेहमीच्या कामाच्या व्हिसासाठी मात्र जपान पदवी किंवा तिच्या तोडीचा अनुभव मागतो.

पदवी नसेल तर अध्यापनाचे प्रमाणपत्र हाच मुख्य पुरावा ठरतो, आणि इथे काटकसर अंगाशी येते. ऑनलाइन मिळणारी १२० तासांची स्वस्त प्रमाणपत्रे व्हिडिओ पाहून आणि प्रश्नावली सोडवून पुरी होतात. त्यांत खऱ्या विद्यार्थ्यांसमोर उभे राहावे लागत नाही, हे भरती करणाऱ्यांना पक्के ठाऊक असते. केंब्रिजचे सेल्टा किंवा ट्रिनिटी कॉलेज लंडनचे सर्टटेसॉल या दोन्ही अभ्यासक्रमांत प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली किमान सहा तास प्रत्यक्ष शिकवावे लागते. पूर्णवेळ केल्यास ते साधारण चार-पाच आठवड्यांत होतात. प्रवेशासाठी पदवी नव्हे, तर उच्च शिक्षणाला प्रवेश मिळेल इतपत शालेय पात्रता आणि उत्तम इंग्रजी लागते. शुल्क चांगलेच जड आहे, तरी माझ्या मते विमानाच्या तिकिटाआधी पैसा इथेच घालावा. शक्य असल्यास जिथे नोकरी करायची त्याच शहरातील केंद्रात अभ्यासक्रम करावा, कारण प्रशिक्षक आसपासच्या शाळांना ओळखतात.

अर्जात फार गुंतू नये: एक पानी परिचय, प्रमाणपत्र, पोलिसांचे चारित्र्य प्रमाणपत्र आणि दोन शिफारसी पुरतात. खरा निर्णय नमुना-पाठावर होतो. पंधरा-वीस मिनिटांत एखादा व्याकरणाचा मुद्दा शिकवायला सांगतात आणि नवखा शिक्षक बहुतेक वेळ स्वतःच बोलतो. समजा, ‘आय लिव्ह्ड हिअर फॉर फाइव्ह इयर्स’ आणि ‘आय हॅव लिव्ह्ड हिअर फॉर फाइव्ह इयर्स’ यांतील फरक शिकवायचा आहे. काळांची नावे व नियम फळ्यावर लिहिण्याऐवजी दोन्ही वाक्ये लिहून एकच प्रश्न विचारावा: हा माणूस अजून इथे राहतो का? पहिल्या वाक्याचे उत्तर सहसा ‘नाही’, दुसऱ्याचे ‘हो’. मग काळरेषा काढून ते दाखवावे आणि लगेच विद्यार्थ्यांना जोड्यांमध्ये स्वतःबद्दल अशी वाक्ये बोलायला लावावीत. ‘समजले का?’ हा प्रश्न टाळावा, कारण न समजलेला विद्यार्थीही मान डोलावतो. हा पाठ परीक्षकांसमोर देण्याआधी एखाद्या खऱ्या शिकाऊ माणसावर घेऊन पाहावा. त्यासाठी स्थलांतरितांचे स्वयंसेवी वर्ग उत्तम, आणि तो अनुभव परिचयपत्रातही लिहिता येतो.

नोकरी देऊ केल्यावर करार वाचताना पगाराच्या आकड्यापेक्षा हमी दिलेल्या तासांकडे पाहावे. भाषासंस्था अनेकदा तासावर पैसे देतात. विद्यार्थी आले नाहीत तर तास रद्द होतात आणि दोन वर्गांमधला प्रवास व तयारी बिनपगारी राहते. आठवड्याला किमान किती तास मिळतील, रद्द झालेल्या तासाचे पैसे मिळतात का, सुट्ट्यांच्या महिन्यात काय, आणि व्हिसाचा खर्च कोण करणार, ही चारही उत्तरे लेखी मिळवावीत आणि नोकरी लावून देण्यासाठी उमेदवाराकडूनच पैसे मागणाऱ्या दलालाला नकार द्यावा.