जुनी गाडी ‘टोटल लॉस’ ठरली? पहिल्या आकड्यावर सही नको

‘टोटल लॉस’ म्हणजे गाडी दुरुस्त करणं परवडणार नाही असं विमा कंपनीने ठरवणं; मग ती दुरुस्तीऐवजी गाडीच्या किमतीचा एक आकडा भरपाई म्हणून देऊ करते. पॉलिसीत गाडीची किंमत आधीच ठरलेली असेल, तर घासाघिशीला फारसा वाव नसतो; ते आधी बघा. भरपाई बाजारभावाने असेल, तर मूल्यांकनाचा अहवाल लेखी मागा आणि ओळन् ओळ तपासा. व्हेरिएंट खालचं धरलेलं, किलोमीटर जास्त लिहिलेले, असं काहीही निघू शकतं. मग त्याच मॉडेलच्या, त्याच वर्षाच्या, साधारण तेवढ्याच चाललेल्या गाड्यांच्या जाहिराती तारखेसह जोडा. फक्त महागड्या निवडू नका, लगेच कळतं. नवे टायर, इंजिनकाम यांची बिलंही द्या; तो खर्च पूर्ण मिळणार नाही, पण गाडी चांगल्या अवस्थेत होती हे दिसतं. मोडकी गाडी स्वतःकडेच ठेवायची असेल, तर त्यापोटी किती कापणार, तेही सहीआधीच विचारा.