ॲल्युमिनियमला लोखंड समजू नका: समुद्रकाठच्या कामातल्या या चुका टाळा

गोव्यात मोरजीतल्या एका घराची स्लायडिंग खिडकी दोन पावसाळ्यांतच अडकायला लागली. मालकांचा फोन आला, "अहो, ॲल्युमिनियम गंजत नाही म्हणाला होतात ना?" जाऊन बघितलं तर सेक्शन, म्हणजे चौकटीच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, ठणठणीत होते. पण प्रत्येक स्क्रूभोवती खडूसारखी पांढरी पूड जमली होती आणि पुडीच्या मधोमध तांबूस डोकं दिसत होतं. स्टेनलेसचे स्क्रू संपले म्हणून आमच्याच मुलाने साधे लोखंडी मारले होते. चूक आमची.

डिचोलीकडची आमची वर्कशॉप वाढली ती खाणीचे टिपर आणि मांडवीतल्या बार्जी दुरुस्त करून. 2012 मध्ये खाणी बंद पडल्या, तसा मी खिडक्या, रेलिंग आणि होड्यांच्या सामानाकडे वळलो. हात मात्र लोखंडाचाच राहिला. ॲल्युमिनियमची जितकी कामं परत आलेली पाहिली, त्यांतल्या बहुतेकांच्या मुळाशी हीच सवय होती.

पहिली गोष्ट जोडणीची. खाऱ्या ओलाव्यात दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटले की बॅटरी तयार होते आणि त्यात झिजतं ॲल्युमिनियम. स्टेनलेस स्क्रूसुद्धा पूर्ण निर्दोष नाही. पण मोठ्या ॲल्युमिनियम पत्र्यात छोटा स्टेनलेस स्क्रू असला, तर झीज मोठ्या जागेवर पसरते आणि काम वर्षानुवर्षं टिकतं. उलट केलंत, म्हणजे स्टेनलेसच्या मोठ्या पत्र्याला ॲल्युमिनियमचे पॉप रिव्हेट मारलेत, तर रिव्हेट बघता बघता खलास. किनाऱ्यावर 316 ग्रेडचे, म्हणजे मिठापुढे जास्त टिकणाऱ्या स्टेनलेसचे स्क्रू वापरा आणि मध्ये नायलॉनचा वॉशर घाला. पितळ आणि तांबं तर जवळही नको. ॲल्युमिनियमच्या होडीला तळाशी तांबं असलेला रंग लावणारे महाभाग मी पाहिलेत.

होडीवरून आठवलं. आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे टांगलेल्या इंजिनाच्या पायाला ॲनोड नावाचा जो धातूचा तुकडा असतो, तो स्वतः झिजून बाकीचं वाचवतो. शापोऱ्याला एकाने इंजिन छान रंगवून घेतलं, ॲनोडसकट! रंगाखाली ॲनोड कामच करत नाही. तो नवा कोरा राहिला आणि पायाला खड्डे पडले. होडी खाडीतल्या मचूळ पाण्यात जास्त असेल, तर जस्ताच्या ॲनोडवर थर बसून तो निकामी होतो. तिथे ॲल्युमिनियमचाच ॲनोड बरा. मॅग्नेशियमचा फक्त गोड्या पाण्यासाठी.

आता वेल्डिंग, कारण सगळ्यात जास्त पैसे इथेच बुडतात. ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळतं, पण त्याच्यावरचा ऑक्साइडचा पापुद्रा 2000 च्या वर. पापुद्रा न काढता करंट वाढवत गेलात, तर खालचा धातू धबकन गळतो आणि भोक पडतं. आधी ॲसिटोनने तेल पुसा, मग स्टेनलेसच्या ब्रशने घासा. उलट क्रमाने केलंत, तर ब्रश तेलच आत घासतो. हा ब्रश आणि ग्राइंडरचं व्हील लोखंडाला लावायचंच नाही. लोखंडाचे कण रुतून बसले की पहिल्याच पावसात ठिपके उमटतात. जून-जुलैत फिलर वायर, म्हणजे जोडात वितळवून भरायची तार, उघड्यावर ठेवू नका. दमटपणातला हायड्रोजन जोडात शिरतो आणि कापून बघितलं तर आत पावासारखी जाळी.

त्याहून महागात पडतं ते न दिसणारं. 6061-टी6 या ॲल्युमिनियमच्या ग्रेडची ताकद उष्णतेच्या संस्कारातून आलेली असते. वेल्ड मारला की जोडालगतच्या पट्ट्यात ती निम्म्यावर किंवा त्याच्याही खाली येते. वेल्ड सुंदर दिसतो आणि मोडतं त्याच्या शेजारी. म्हणून होडीच्या पत्र्याला 5083 ग्रेड घेतात. वेल्डिंगनंतर त्याचं नुकसान बरंच कमी. त्याला 4043 ग्रेडची फिलर वायर लावू नका, जोड ठिसूळ होतो. 5356 किंवा 5183 घ्या.

"भारी ग्रेड घेतला, तरी रेलिंग हलतं" ही तक्रार ठरलेली. ग्रेडने ताकद वाढते, ताठपणा नाही. कुठलंही ॲल्युमिनियम घ्या, त्याचा ताठपणा लोखंडाच्या साधारण एक-तृतीयांशच. लोखंडी पट्टीच्या मापाचीच ॲल्युमिनियमची पट्टी लावली, तर ती तिप्पट वाकेल. उपाय स्वस्त आहे, उभी उंची वाढवा. पट्टीची उंची 1.44 पट केली की वाकणं लोखंडाइतकंच आणि वजन तरीही निम्मं. आणि उन्हात ते फुगतंही लोखंडाच्या जवळपास दुप्पट. 6 मीटरचा सेक्शन 30 अंश तापला तर 4 मिलिमीटर लांबतो. दोन्ही टोकं भिंतीत गच्च चिणलीत, तर कमान येणारच.

गवंड्यांना एक विनंती, फ्रेमला टेप लावल्याशिवाय गिलावा करू नका. ओलं सिमेंट ॲल्युमिनियम खातं, टाइल धुण्याचं ॲसिडही.

टायटॅनियम समुद्राच्या पाण्याला दाद देत नाही; आमच्याकडे ते क्वचितच येतं. मॅग्नेशियमची मात्र भीती बाळगा. गवत कापायच्या मशीनची काही कव्हरं त्याची असतात आणि दिसायला ॲल्युमिनियमसारखीच. घासलेल्या जागी व्हिनेगरचा थेंब टाका. फेसाळलं तर मॅग्नेशियम. त्याच्या भुशाला आग लागली तर पाणी मारायचं नाही, भडका उडतो. कोरडी वाळू हाताशी ठेवा.

मोरजीची खिडकी? स्क्रू काढले, पूड घासली, 316 चे एक नंबर मोठे स्क्रू नायलॉनच्या वॉशरसकट लावले. मालकांना एवढंच सांगितलं, की पावसात धुतली जाणारी खिडकी टिकते. वळचणीखाली कोरडी राहणारी मीठ साठवते. तिच्यावर महिन्यातून एकदा नळाचं पाणी मारा.