इंग्रजीत दोन वाक्ये जोडताना

शाळेत प्रधानत्वबोधक उभयान्वयी अव्यये, म्हणजे दोन स्वतंत्र वाक्ये जोडणारे शब्द, शिकलेल्यांना समुच्चय, विकल्प, न्यूनत्व (उणीव किंवा विरोध) आणि परिणाम हे चार संबंध आठवत असतील. इंग्रजीत त्यांसाठी अनुक्रमे अँड, ऑर, बट आणि सो येतात. बटच्या जवळचे येट, नकार पुढे नेणारे नॉर आणि कारण सांगणारे फॉर धरून ही संख्या 7 होते. बोलताना फॉर क्वचितच वापरतात.

आधी दोन्ही वाक्यांत स्वतःचा कर्ता आणि क्रियापद आहे ना, हे पाहावे. मग त्यांच्यातील संबंध ठरवावा. ‘द बस वॉज लेट’ या वाक्याला ‘वी रीच्ड ऑन टाइम’ जोडायचे असेल, तर अपेक्षाभंग होतो म्हणून बट हवे. ‘वी मिस्ड द ट्रेन’ जोडायचे असेल, तर परिणाम दिसतो म्हणून सो हवे.

आता पहिल्या वाक्याचा पूर्णविराम काढून स्वल्पविराम द्यावा, त्यानंतर अव्यय लिहावे आणि दुसऱ्या वाक्याचे पहिले अक्षर लहान करावे. विशेषनाम किंवा ‘आय’ असल्यास ते मोठेच राहते. कर्ता एकच असल्याने तो गाळला, तर स्वल्पविराम सहसा देत नाहीत: ‘शी केम होम अँड कुक्ड डिनर.’

मराठी भाषकाने सर्वाधिक जपावे ते पुढेच. आपल्या ‘जरी’ला ‘तरी’ लागतोच, त्यामुळे ‘ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट वी वेंट आउट’ असे वाक्य सहज लिहिले जाते. इंग्रजीत एका सांध्याला एकच जोडशब्द पुरतो. म्हणून ऑल्दो ठेवून बट गाळावे किंवा ‘इट वॉज रेनिंग, बट वी वेंट आउट’ असे लिहावे. बिकॉज आणि सो या जोडीलाही हाच नियम लागू आहे.

नॉर वापरताना साहाय्यक क्रियापद कर्त्याच्या आधी येते: ‘ही डिड नॉट कॉल, नॉर डिड ही राइट.’ नकार नॉरमध्येच असल्यामुळे त्यापुढे पुन्हा ‘नॉट’ लिहू नये.

हाउएव्हर आणि देअरफोर अर्थाने बट व सो यांच्यासारखे वाटले, तरी ती क्रियाविशेषणे आहेत आणि केवळ स्वल्पविरामाच्या आधाराने दोन वाक्ये जोडू शकत नाहीत. त्यांच्याआधी अर्धविराम किंवा पूर्णविराम द्यावा आणि त्यांच्यानंतर स्वल्पविराम.