कर्नल पडतो, उपकरणं चालूच राहतात

आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावात शेतीपंपाची लाईन बरेचदा रात्रीची असते. बाबांसोबत हरभऱ्याच्या ओलिताला गेले की मोटर बंद केल्यावरही दांडातून पाणी वाहतच राहायचं. "मोटर बंद झाली म्हनून पानी थांबत नाई माय, धुऱ्यापाशी उभी राय," बाबा म्हणायचे. पुढे लिनक्स कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, शिकताना केडम्पपाशी, म्हणजे कर्नल कोसळला की त्याची मेमरी जपणाऱ्या सोयीपाशी, अडकले, तेव्हा तो दांड मला आठवला.

केडम्प २००५ पासून, म्हणजे २.६.१३ पासून कर्नलमध्ये आहे. बूट होतानाच थोडी मेमरी, समजा २५६ एमबी, राखून ठेवायची आणि तिच्यात दुसरा कर्नल भरून ठेवायचा. पहिल्याला पॅनिक आला, म्हणजे सावरता न येणाऱ्या चुकीने तो पडला, की केक्सेक ही कर्नल बदलणारी सोय बायोसच्या वाटेला न जाता थेट दुसऱ्यात उडी घेते, आणि तो जुनी मेमरी वाचून डिस्कवर उतरवतो. उडीआधी नेटवर्क कार्ड, डिस्क सगळं रीतसर बंद होत असेल, असं मी धरून चालले होते. तसं होत नाही. पडलेल्या कर्नलच्या याद्या, लॉक कशाचाच भरवसा नसतो. उपकरणं बंद करायला गेलं तर तिथेच सगळं अडकायचं. म्हणून ती चालूच राहतात आणि प्रोसेसरला न विचारता, डीएमएने, म्हणजे स्वतःच थेट मेमरीत, जुन्या कर्नलने दिलेल्या पत्त्यांवर लिहीत राहतात. राखीव मेमरी वेगळी ठेवायची ती यासाठीच: तिथला पत्ता जुन्या कर्नलने कुठल्याही उपकरणाला दिलेला नसतो.

हे वाचून नीट कळत नाही, करून बघावं लागतं. घरच्या एकुलत्या एक मशीनवर मात्र करू नका. क्यूएमू या आभासी मशीन चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये शिकणाऱ्यांसाठीच 'एज्यु' नावाचं पीसीआय उपकरण आहे. त्याला डीएमए सांगितला की तो १०० मिलिसेकंदांनी होतो. तेवढ्या वेळात मी मुद्दाम पॅनिक आणला. दुसरा कर्नल उठला, एज्यु चालवणारा माझा ड्रायव्हर लोड झाला, आणि तोही पडला! दोन रात्री शोधलं. मी इंटरप्टचा, म्हणजे उपकरणाने प्रोसेसरला मारलेल्या हाकेचा, हँडलर (हाकेला उत्तर देणारं फंक्शन) आधी नोंदवत होते आणि बफर, म्हणजे डेटासाठीची मेमरी, नंतर घेत होते. जुन्या डीएमएचा इंटरप्ट कुणी पोच न दिल्याने तसाच उभा होता. हँडलर नोंदवताच तो आला, आणि बफरचा पॉइंटर अजून रिकामा होता.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. आधी बस-मास्टरिंग (उपकरणाला स्वतःहून डीएमए करायची मुभा) बंद, मग उपकरण रीसेट, जुन्या इंटरप्टची पोच, बफर, त्यानंतर हँडलर, आणि बस-मास्टरिंग चालू अगदी शेवटी. दुसऱ्या कर्नलला 'रीसेट डिव्हायसेस' हा पॅरामीटर देतात तोही याचसाठी, पण तो पाळायचा की नाही हे ड्रायव्हर लिहिणाऱ्याच्या हातात असतं.

आयओएमएमयू, म्हणजे उपकरणांचे मेमरी-पत्ते बदलून देणारं हार्डवेअर, असेल तर गुंता वाढतो. तिथे उपकरणाकडचा पत्ता खरा नसतो, तक्त्यातून बदलून मिळतो. नव्या कर्नलने ते भाषांतर एकदम बंद केलं तर तोच आकडा खरा पत्ता समजला जातो, आणि लिखाण थेट राखीव मेमरीतही पडू शकतं. म्हणून व्हीटी-डी या इंटेलच्या आयओएमएमयूसाठी ४.२ पासून, २०१५ साली, जुने तक्ते उतरवून घेऊन ड्रायव्हर उपकरण ताब्यात घेईपर्यंत तेच चालू ठेवायची सोय आली. मला हा उपाय फार आवडतो.

अलीकडे ६.१७ मध्ये राखीव मेमरीचा काही भाग सीएमएमधून, म्हणजे गरज पडली की रिकामा करून घेता येणाऱ्या सलग मेमरीतून, घेता येतो, म्हणजे एरवी तो प्रोग्रामांना वापरता येतो. मग तिथे अर्धवट डीएमए असू शकतो, म्हणून पॅनिकनंतर १० सेकंद थांबून मगच उडी घेतात. कमी रॅमच्या मशीनवर शिकणाऱ्या आपल्यासारख्यांना हे उपयोगी आहे.

एज्युवर हात बसला की क्यूएमूला इंटेलचा आयओएमएमयू जोडून तोच प्रयोग पुन्हा करा. डीएमए मास्क, म्हणजे उपकरणाला पेलणाऱ्या पत्त्याची लांबी, २८ बिटांचा ठेवायला विसरू नका. आयओएमएमयूने अडवलेल्या डीएमएच्या, म्हणजे फॉल्टच्या, ओळी आल्या तर त्यांतला पत्ता वहीत उतरवा आणि पॅनिकआधी छापलेल्या बफरच्या पत्त्याशी ताडून बघा.