अमेरिकेत राहून भारतातलं मोठं मूल दत्तक घ्यायचंय?

सगळ्यात आधी हे बघा की नवरा-बायकोपैकी एक तरी अमेरिकन सिटिझन आहे का, कारण फक्त ग्रीन कार्डवर आय-८०० फॉर्म (दत्तक मूल अमेरिकेत आणण्यासाठी तिथल्या सरकारकडे करायचा अर्ज) भरताच येत नाही आणि ते कळेपर्यंत लोक भलतीच स्वप्नं बघून बसलेले असतात. असेल तर 'कारा'ची (भारत सरकारची दत्तक प्रकरणं बघणारी संस्था) मान्यता असलेली अमेरिकेतलीच एजन्सी गाठा, होम स्टडी, म्हणजे तुमच्या घराची आणि कुटुंबाची पाहणी, तीच करते. परस्पर एखाद्या आश्रमाशी ओळख काढून बोलणी करायची नाहीत, कोणी कितीही जवळचा असला तरी.

वयाचं गणित: ८ वर्षांपुढच्या मुलासाठी दोघांच्या वयाची बेरीज ११० च्या आत लागते. आय-८०० मूल १६ चं व्हायच्या आत भरावा लागतो, त्यामुळे १४-१५ वर्षांचं मूल असेल तर वकिलाशी आधीच बोला.

मुलाचा मेडिकल रिपोर्ट आला की अमेरिकेतल्या पीडियाट्रिशियनला दाखवा, 'नॉर्मल' लिहिलंय म्हणून खूश होऊ नका.

आणि एवढं मोठं मूल म्हणजे त्याची मर्जी विचारणं आलंच. महाराष्ट्रातलं असेल तर मराठीतच बोला, जेवायला काय आवडतं, खोलीत कोण झोपतं, जवळची मैत्रीण कोण, आणि तिचा फोटो जपून बरोबर आणा. नाव तर अजिबात बदलू नका. घरी आल्यावर पोळी खिशात लपवली तर ओरडू नका, डबा भरून त्याच्याच खोलीत ठेवा. पुढची २ वर्षं मूल कसं रुळतंय याचे फॉलो-अप रिपोर्ट 'कारा'कडे जातात, ते एजन्सी बघते.