संशोधनाची बातमी वाचताना या चुका टाळा: आधी 'कितीपैकी किती' ते विचारा

श्रावणातली गोष्ट. भाचीचा फोन आला. तिसरा महिना संपत आलेला, गरोदरपणातल्या डबल मार्कर या रक्ततपासणीचा रिपोर्ट हातात आणि त्यावर लाल अक्षरांत 'हाय रिस्क, १:१८०'. लक्ष्मी रोडवर कुठल्याशा दुकानाच्या पायरीवर बसून ती रडत होती. जावईबापूंनी तोवर मोबाइलवर वाचून काढलं होतं की ही तपासणी नव्वद टक्के बरोबर असते. "म्हणजे मावशी, बाळाला डाऊन सिंड्रोम असायची शक्यता नव्वद टक्के?"

मी विचारलं, "एकशे ऐंशीपैकी किती?"

जरा वेळ नुसता रिक्षांचा आवाज. मग म्हणाली, "एक."

"बाकीच्या एकशे एकोणऐंशी?"

मी डॉक्टर नाही. पुण्यात पंधरा वर्षं क्लिनिकल ट्रायलमध्ये, म्हणजे माणसांवर औषध तपासून बघणाऱ्या अभ्यासांत, को-ऑर्डिनेटर होते. संमतीपत्र मराठीत समजावून द्यायचं, तपासणीच्या तारखा सांभाळायच्या, न आलेल्या बाईला फोन करायचा, असलं काम. 'प्लासिबो' म्हणजे औषध नसलेली, पण दिसायला तशीच गोळी, असं सांगितलं की हडपसरकडच्या एक आजी हमखास म्हणायच्या, "मग फसवताय की मला!" आता सोसायटीच्या ग्रुपवर रोज एखादं कात्रण येतं, खाली माझं नाव टाकून 'ताई, हे खरं का?' असतं. त्या कात्रणांमधून ज्या चुका पुन्हापुन्हा दिसतात, त्या इथे लिहिते. औषध सुरू करायचं की बंद, ते तुमच्या डॉक्टरांना विचारा.

तपासणीचे टक्के स्वतःला लावून घेणं

जावईबापूंची चूक हीच. 'नव्वद टक्के' याचा अर्थ, ज्या बाळांना डाऊन सिंड्रोम आहे अशा शंभरांपैकी साधारण नव्वद या तपासणीत (सोबतची सोनोग्राफी धरून) हाती लागतात. रिपोर्ट पॉझिटिव्ह आलेल्या शंभरांपैकी नव्वद बाळांना तो असतो, असा अर्थ अजिबात नाही. वाक्य उलटं फिरवलं की अर्थ पार बदलतो. पुण्यात राहणारे बरेच लोक मराठी बोलतात. मराठी बोलणारे बरेच लोक पुण्यात राहत नाहीत. तसंच हे.

पुढची पायरी म्हणजे एनआयपीटी. आईच्या रक्तात वारेतून उतरलेले डीएनएचे तुकडे असतात, ते दहाव्या आठवड्यानंतर तपासतात. जाहिरातीत 'नव्व्याण्णव टक्के अचूक' असं असतं आणि ते खोटं नसतं. पण एक लाख तरुण गरोदर बायका धरा, त्यांत शंभर बाळांना डाऊन सिंड्रोम आहे असं समजा. तपासणी त्यातली ९९ पकडेल. उरलेल्या ९९,९०० जणींपैकी हजारी एकीला जरी चुकून पॉझिटिव्ह म्हटलं, तरी त्या होतात शंभर. म्हणजे पॉझिटिव्ह रिपोर्ट हातात घेऊन बसलेल्या सुमारे दोनशे जणींपैकी निम्म्यांच्या बाळाला काहीच नाही. चाळिशीच्या बाईचं गणित वेगळं, कारण त्या वयात मुळात शंभरात एक अशी शक्यता असते. डबल मार्कर पॉझिटिव्ह आल्यावर एनआयपीटी केली तरी गणित बदलतं. म्हणून एनआयपीटी पॉझिटिव्ह आली तर त्यावर निर्णय घ्यायचा नसतो, गर्भजलाची तपासणी करून खात्री करायची असते. (हा रिपोर्ट आपल्याकडे मुलगा की मुलगी ते सांगत नाही, १९९४ च्या कायद्याने ते बंद आहे. परदेशातल्या नातेवाइकांचे रिपोर्ट पाहून 'आमच्यात एक पान कमी आहे' असं विचारणारे भेटलेत मला.)

'दुप्पट' ऐकलं की गोळी बंद

ऑक्टोबर १९९५ मध्ये ब्रिटनमध्ये सरकारी समितीने इशारा दिला, की नव्या प्रकारच्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताच्या गुठळीचा धोका दुप्पट होतो. बायकांनी पाकिटं फेकून दिली. पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे १३,००० गर्भपात जास्त झाले, असा अंदाज आहे. दुप्पट म्हणजे किती? सात हजारांत एकीच्या जागी सात हजारांत दोघी. आणि गरोदरपणात गुठळीचा धोका त्या गोळीपेक्षा जास्त असतो, हे त्या इशाऱ्याच्या गडबडीत कोणाच्या लक्षातच राहिलं नाही.

'दुप्पट', 'निम्मं', 'चाळीस टक्के वाढ' असे शब्द दिसले की त्यांच्या आधी काय होतं ते शोधा. शून्याच्या आसपास असलेल्या आकड्याची दुप्पट शून्याच्या आसपासच राहते.

उलट बाजूही आहे. २०१७ च्या एका अभ्यासात, गरोदरपणातल्या घातक रक्तदाबाचा (प्रीएक्लॅम्प्सियाचा) धोका जास्त असलेल्या बायकांना अकराव्या ते चौदाव्या आठवड्यात रोज रात्री १५० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन सुरू केलं. दिवस भरण्याआधी होणारा प्रीएक्लॅम्प्सिया ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आला. शंभरात तिघींपेक्षा कमी वाचल्या, असं म्हणून नाक मुरडू नका. यातली एक गोळी काही रुपयांत मिळते आणि हा आजार आईच्या आणि बाळाच्या जिवावर उठतो. 'कितीपैकी किती' विचारायचं ते बातमी मोडीत काढायला नव्हे, ती नीट तोलायला.

'मला गुण आला' हाच पुरावा धरणं

यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण सगळ्यात जास्त पैसे इथेच जातात.

सुरुवातीच्या महिन्यांत डाग गेले की 'गर्भ टिकायच्या गोळ्या' घ्यायच्या, हे आपल्याकडे घरोघर माहीत आहे. त्यात बहुतेक वेळा प्रोजेस्टेरॉन असतं. शेजारच्या काकूंच्या सुनेने घेतल्या आणि छान मुलगा झाला. मग प्रश्नच मिटला ना?

ब्रिटनमधल्या ४८ रुग्णालयांत हाच प्रश्न विचारला गेला. पहिल्या बारा आठवड्यांत रक्तस्राव झालेल्या ४,१५३ बायका. चिठ्ठी टाकावी तशी वाटणी करून निम्म्यांना प्रोजेस्टेरॉन, निम्म्यांना तसंच दिसणारं रिकामं औषध. निकाल २०१९ मध्ये आला. औषध घेतलेल्यांत ७५ टक्के जणींना मूल झालं. रिकामं औषध घेतलेल्यांत ७२ टक्के.

तो ७२ चा आकडा दोनदा वाचा. डाग गेल्यावर काहीही खरं औषध न घेता शंभरातल्या बहात्तर जणींच्या मांडीवर मूल आलं. त्या बहात्तरही बाहेर सांगणार, की त्या गोळ्यांनी माझं टिकलं. खोटं कोणीच बोलत नाही. तुलनेला दुसरा गट नसला की खरं बोलणाऱ्यांच्या साक्षीतूनही चुकीचा निकाल निघतो, एवढंच.

पण 'प्रोजेस्टेरॉन फुकट गेलं' हा मथळाही तितकाच घाईचा. त्याच अभ्यासात आधी तीन किंवा जास्त गर्भपात झालेल्या बायकांचा लहानसा गट होता, तिथे फरक ७२ विरुद्ध ५७ असा दिसला. म्हणून २०२१ पासून ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांत, आधी गर्भपात झालेला आहे आणि आता रक्तस्राव होतोय, अशा बायकांना ते द्यायला सांगितलंय. पहिल्यांदाच गरोदर असलेल्या, डागही न गेलेल्या बाईला 'असू द्या, सपोर्टला' म्हणून दिलं जातं, त्याला हा अभ्यास आधार देत नाही.

आयव्हीएफच्या दुकानदारीत तर अशी जोड-औषधं आणि जोड-प्रक्रिया ढिगाने आहेत. गर्भाशयाच्या अस्तराला आधी ओरखडा काढायचा, म्हणजे गर्भ चांगला रुजतो, असं काही वर्षं जोरात चाललं होतं. छोट्या अभ्यासांत यश दुप्पट दिसलं होतं. २०१९ मध्ये १,३६४ बायकांवरचा मोठा अभ्यास आला. ओरखडा काढलेल्यांत मूल झालं २६.१ टक्क्यांना आणि न काढलेल्यांत २६.१ टक्क्यांना. दशांशसुद्धा तोच! बायकांनी मात्र दुखणं सोसलं आणि बिल भरलं.

एएमएच तपासणीचंही तसंच. अंडाशयात अंडी किती उरलीत, याचा अंदाज देणारी ही रक्ततपासणी. ऑफिसच्या हेल्थ पॅकेजमध्ये ती आली, आकडा कमी आला आणि तिशीची मुलगी हादरून जाते. मूल व्हायला आधी कसलाही त्रास न आलेल्या ३० ते ४४ वयाच्या ७५० बायकांचा अभ्यास २०१७ मध्ये आला. एएमएच कमी असलेल्यांत सहा महिन्यांत दिवस जाण्याचं प्रमाण ६५ टक्के, नेहमीच्यांत ६२. आयव्हीएफच्या वेळी किती अंडी मिळतील याचा अंदाज बांधायला ही तपासणी कामाची आहे. घरच्या घरी मूल होईल की नाही, हे ती सांगत नाही.

अभ्यास नेमका कोणावर झाला ते न बघणं

उंदरांवर असेल तर बातमी मिटवा आणि चहा घ्या. पुढे.

माणसांवर असेल तर वय बघा. २००२ मध्ये पाळी गेल्यानंतरच्या हार्मोन्सचा अमेरिकेतला मोठा अभ्यास मध्येच थांबवला, 'स्तनाचा कॅन्सर २६ टक्क्यांनी वाढला' अशा मथळ्यांनी जग दणाणलं आणि आपल्याकडेही बायका अंगातून वाफा निघत असताना वर्षानुवर्षं नुसतं सोसत राहिल्या. दहा हजार बायकांमागे वर्षाला ३० च्या जागी ३८, असा तो आकडा होता. आणि त्या बायकांचं सरासरी वय ६३! आपल्याकडे बहुतेकींची पाळी पन्नाशीच्या आतच जाते आणि त्रास तेव्हाच असतो. शिवाय गर्भाशय काढलेल्या बायकांना नुसतं इस्ट्रोजेन दिलेला गट वेगळा होता, त्यात अशी वाढ दिसली नाही. हे बारीक अक्षरातलं कोणी फॉरवर्ड करत नाही.

मग शरीर बघा. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक जोडफोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) सारखाच, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२. म्हणून 'पंचविसाच्या आत बीएमआय म्हणजे ठीक' हा युरोपी आकडा आपल्याला लावायचा नसतो, आपल्याकडे २३ पासूनच सावध व्हायचं.

सोबत दिसलं म्हणजे त्यानेच झालं

याच केईएमच्या चमूने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आयांचा आणि मुलांचा माग ठेवलाय. त्यातला २००८ चा एक निष्कर्ष असा: गरोदरपणी रक्तात फोलेट जास्त आणि बी-१२ कमी असलेल्या आयांची मुलं सहाव्या वर्षी इन्सुलिनला सगळ्यात कमी दाद देत होती. कामाचं संशोधन आहे, आपल्या शाकाहारी ताटांसाठी तर फारच. पण ग्रुपवर ते 'फोलिक अ‍ॅसिडने मुलांना डायबेटिस' असं होऊन आलं आणि एका सुनेने गोळी बंद केली.

हा मागोवा आहे, चिठ्ठ्या टाकून केलेली वाटणी नव्हे. फोलिक अ‍ॅसिडची तशी वाटणी १९९१ मध्येच झाली आहे. आधीच्या बाळाच्या मणक्यात किंवा मेंदूत जन्मजात दोष होता, अशा बायका त्यात होत्या. फोलिक अ‍ॅसिड घेतलेल्यांच्या बाळांत तो दोष पुन्हा ६ वेळा आला, न घेतलेल्यांत २१ वेळा. त्यामुळे पुण्याच्या अभ्यासातून उचलायचा प्रश्न 'माझं बी-१२ तपासलंय का?' हा आहे. फोलिक अ‍ॅसिड बंद करायचं नाही.

'अभ्यास थांबवला' म्हणजे 'औषध घातक'

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवरच्या एचपीव्ही लशीचा मोठा अभ्यास २००९ मध्ये भारतात सुरू झाला. पुण्यात जहांगीर रुग्णालयाच्या आवारातलं संशोधन केंद्र त्यात होतं. मुलींना दोन की तीन डोस, असा प्रश्न होता. एप्रिल २०१० मध्ये सरकारने लसीकरण थांबवलं, पण कारण होतं आंध्र आणि गुजरातमधला वेगळाच प्रकल्प. तिथे सात मुलींचे मृत्यू झाले होते. चौकशीत मृत्यूंचा लशीशी संबंध आढळला नाही. संमती घेण्यातला ढिसाळपणा मात्र उघडा पडला, आणि त्याबद्दल ओरड झाली ती रास्तच होती.

इकडे हजारो मुलींचा एकच डोस झालेला. त्यांचा पाठपुरावा चालू ठेवला आणि दहा वर्षांनी दिसलं की एचपीव्ही विषाणूच्या १६ आणि १८ या प्रकारांचा टिकून राहणारा संसर्ग रोखण्यात एक डोससुद्धा ९५.४ टक्के प्रभावी होता. या मुलींची एका डोसची वाटणी कोणी ठरवून केली नव्हती, ही त्यातली उणीव. ती केनियातल्या रीतसर वाटणी केलेल्या अभ्यासाने भरून काढली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये एक डोसही चालेल असं म्हटलं, त्यामागे हेही आकडे आहेत. आपल्याकडे अजूनही मुलीच्या लशीचा विषय निघाला की कोणीतरी २०१० चं कात्रण काढतंच.

'ट्रायल चालू आहे' म्हटलं की पैसे भरणं

अंडाशय 'पुन्हा तरुण' करायला स्वतःच्याच रक्तातलं पीआरपी (प्लेटलेट्स जास्त असलेला रक्तद्रव) टोचायचं, स्टेम सेल द्यायच्या, असं कोणी संशोधन म्हणून सुचवलं तर सीटीआरआय (भारतातल्या ट्रायलच्या सरकारी नोंदवहीतला) नंबर मागा. १५ जून २००९ पासून भारतात ट्रायलची नोंदणी सक्तीची आहे. नंबर 'सीटीआरआय', मग वर्ष, महिना आणि सहा आकडे असा असतो. संकेतस्थळावर तो टाकला की अभ्यास कोण करतंय, कोणावर, किती जणांवर आणि एथिक्स कमिटीची मंजुरी आहे का, ते फुकट दिसतं. नंबर द्यायला टाळाटाळ झाली तर ती ट्रायल नाही, विक्री आहे. खऱ्या ट्रायलमध्ये तपासायच्या औषधाचे पैसे सहसा सहभागींकडून घेत नाहीत. संमतीपत्र मराठीत मिळतं, घरी नेऊन वाचता येतं, सही झाल्यावर त्याची प्रत तुमच्याकडे राहते आणि मध्येच बाहेर पडलात तर नेहमीचे उपचार बंद होत नाहीत. आमच्या हडपसरच्या आजी दर वेळी ती प्रत नातवाकडून मोठ्याने वाचून घ्यायच्या. एकदा तारखेची चूक त्यांनीच काढली होती, आम्हाला पुन्हा छापावी लागली.