स्क्रीन पास की रन : समोरची डोकी मोजून डाव निवडण्याची रीत

बेळगावात टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपो मैदानावर रविवारी सकाळी आमच्याकडची काही महाविद्यालयीन मुले अमेरिकन फुटबॉल खेळतात. हेल्मेट नाही, खांद्यावर गादी नाही. दोन्ही हात अंगाला लागले की चेंडूवाला थांबला, एवढाच नियम. अमेरिकेतील विद्यापीठांचे सामने पाहून खेळ शिकलेली ही मुले मला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात: दहा डावांत स्क्रीन पास (पुढे अडवणारे उभे करून त्यांच्या आडोशाने जवळच दिलेली छोटी फेक) किती टाकावेत आणि चेंडू हातात देऊन पळवावा, म्हणजे रन करावा, किती वेळा? माझ्या मते प्रश्नच चुकीच्या टोकाला धरला आहे. निम्मेनिम्म वाटे पाडायला ही काही भाऊबंदांची शेतजमीन नव्हे. स्क्रीन पास म्हणजे फेकीने सुरू होणारा रनच असतो, आणि त्या दोहोंतला कोणता निवडायचा हे समोरचा बचाव कसा उभा आहे त्यावर ठरते. आपण फक्त मोजायचे असते.

ही मोजणी चेंडू हलण्यापूर्वी, क्वार्टरबॅकने, म्हणजे डाव चालवणाऱ्या आणि चेंडू फेकणाऱ्या खेळाडूने, स्वतः करावी. समजा, समोरच्यांना अडवणारे आपले पाच लाइनमन ओळीत आहेत, क्वार्टरबॅकशेजारी चेंडू घेऊन पळणारा रनिंग बॅक आहे आणि उरलेले चार रिसीव्हर, म्हणजे फेक झेलणारे, बाहेर पसरले आहेत, त्यांतले तीन एका बाजूला आणि एक दुसऱ्या बाजूला. लाइनमनांच्या समोर, पाच-सहा यार्डांच्या आत दाटून उभ्या असलेल्या बचावपटूंच्या घोळक्याला बॉक्स म्हणतात. बॉक्समध्ये सहा जण असतील तर पाचांना आपले पाच लाइनमन अडवतात, सहाव्याला कोणीही न अडवता क्वार्टरबॅक केवळ त्याच्यावर नजर ठेवतो, आणि तो रनिंग बॅकवर धावून गेला तर चेंडू स्वतःकडे ठेवून त्याने मोकळ्या केलेल्या जागेतून पळतो. म्हणजे रन करावा. सात जण असतील तर बचावाकडे बाहेर चारच उरतात. त्यातला एक एकट्या रिसीव्हरवर, एक खोल मागे, आणि आपल्या तिघांसमोर राहतात दोनच. तिघांपैकी एकाने चेंडू झेलायचा, दोघांनी त्या दोघांना अडवायचे. म्हणजे बबल स्क्रीन, बाजूच्या रिसीव्हरला झटपट दिलेला स्क्रीन पास, टाकावा. हा हिशेब तिसरीतल्या मुलालाही येतो. तो अडीच सेकंदांत करता येणे, हीच खरी तयारी.

तीन रिसीव्हर कोणत्या बाजूला उभे करावेत, याचे उत्तर मैदानावरच आखलेले असते. विद्यापीठांच्या खेळात मैदान १६० फूट रुंद असते आणि मधल्या दोन हॅश रेषांमध्ये (डाव सुरू करताना चेंडू यांच्या बाहेर ठेवत नाहीत) ४० फुटांचे अंतर असते, त्यामुळे चेंडू एका हॅशवर ठेवला की एका बाजूला ६० फूट आणि दुसऱ्या बाजूला तब्बल १०० फूट जागा उरते. व्यावसायिक खेळात हॅशमधले अंतर १८ फूट ६ इंचच असल्याने हा फरक जाणवत नाही. म्हणूनच विद्यापीठांच्या खेळात बाजूच्या स्क्रीनला इतके मोल आले. १०० फूट म्हणजे कबड्डीची तीन मैदाने रुंदीला रुंदी लावून ठेवावीत, एवढी जागा. तिथे दोन बचावपटूंना तिघांपुढे उभे करणे म्हणजे चढाईवाल्यासमोर मधली साखळीच सोडून देण्यासारखे आहे.

मोजणी बरोबर असूनही डाव फसतो, तो बहुधा पहिल्या दोन पावलांत. कुस्तीत हूल देणारा मल्ल प्रतिस्पर्ध्याची मान खाली दाबतो, त्याने उलट जोर लावून अंग वर उचलले की त्याच जोराचा फायदा घेऊन पट काढतो. दाब खरा वाटला नाही तर पुढचे काहीच घडत नाही. रन आणि स्क्रीनचे नाते असेच आहे. झोन रन, म्हणजे सगळे लाइनमन एकाच दिशेने सरकत अडवतात तो रन, करताना लाइनमन ज्या रीतीने तिरके पाऊल टाकतात, रनिंग बॅक ज्या कोनातून येतो आणि क्वार्टरबॅक चेंडू त्याच्या पोटाशी ज्या तऱ्हेने नेतो, ते सारे बबल स्क्रीनच्या वेळीही तंतोतंत तसेच दिसले पाहिजे. असे झाले की दोन डाव वेगळे राहतच नाहीत. टॅकल (ओळीच्या टोकाचा लाइनमन) आणि आतला रिसीव्हर यांच्या मधोमध जो लाइनबॅकर, म्हणजे बचावाच्या पुढच्या फळीमागचा खेळाडू, उभा असतो, तो आत सरकला तर चेंडू फेकावा, बाहेर सरकला तर हातात द्यावा. त्याला चूक करायला लावणे हाच एक हेतू ठेवावा.

धावून येणाऱ्यांच्या पाठीमागून निसटणाऱ्या रनिंग बॅकला उशिरा दिलेला संथ स्क्रीन मात्र वेगळ्या जातीचा आहे. बॉक्समध्ये किती जण आहेत यापेक्षा ते किती वेगाने क्वार्टरबॅकवर तुटून पडतात, हे तिथे पाहावे. दुसऱ्या किंवा तिसऱ्या डाउनवर (दहा यार्ड मिळवण्यासाठीच्या चार प्रयत्नांपैकी एक म्हणजे डाउन) आठ-दहा यार्ड हवे असतील आणि बचावाची पुढची फळी बेभान धावून येत असेल, तेव्हा हा डाव काढावा; मात्र बचाव माणसाला माणूस लावून खेळत असेल आणि रनिंग बॅकवर खास कोणी पाळत ठेवून असेल, तर तो टाळून ड्रॉ, म्हणजे पासचा आव आणून उशिरा हातात दिलेला रन, घ्यावा.

मैदानावर आम्ही हा स्क्रीन पाण्याच्या रिकाम्या बाटल्या ओळीत मांडून शिकवतो. मधले तीन लाइनमन समोरच्याला खरोखर अडवतात, मनात ‘एक हजार एक, एक हजार दोन’ मोजतात आणि मगच त्याला अंगावरून जाऊ देऊन बाजूला पळतात. रनिंग बॅक आधी पास वाचवण्यासाठी उभा राहिल्यासारखा गुडघे वाकवून थांबतो, एका धावून येणाऱ्याला खांदा देतो, आणि त्याच्या पाठीमागून सरकून वळतो. आमचा एक वडगावचा मुलगा ‘एक हजार एक’लाच मान वळवून झेल घ्यायच्या जागेकडे पाहत असे, तीन रविवार आमचा प्रत्येक स्क्रीन त्या मानेने फोडला. शेवटी त्याला समोरच्याच्या छातीवरचा क्रमांक मोठ्याने वाचायला लावला, तेव्हा मान जागेवर आली. खुणांबाबत एक अडचण मात्र आम्हाला सोडवता आलेली नाही: ‘एडक्के’, ‘बलक्के’ असे कानडीत ओरडावे तरी सीमाभागात दोन्ही संघांना दोन्ही भाषा येतात, त्यामुळे काहीच लपत नाही. आता बोटांनी खुणा करतो.

नियमांतले दोन बारकावे पाठच असावेत. पास लाइनच्या, म्हणजे जिथून डाव सुरू होतो त्या रेषेच्या, पुढे जाणार असेल, तर तो फेकला जाईपर्यंत विद्यापीठ-नियमांनुसार लाइनमनने तीन यार्डांपलीकडे जाता येत नाही. पण चेंडू लाइनच्या मागेच झेलला गेला तर ही मर्यादा लागू होत नाही आणि रिसीव्हरही झेलापूर्वी पुढे अडवू शकतात. स्क्रीनला सारी मोकळीक या एका नियमाने मिळते. बचावपटू स्क्रीनकडे झेपावू लागले की अडवण्याचा आव आणून एक रिसीव्हर त्यांच्या पाठीमागे पळवण्याचा डाव छान चालतो, परंतु तेव्हा पास लाइन ओलांडतो आणि दुसऱ्या रिसीव्हरने सवयीने कोणाला अडवले तर दंड आपल्यालाच बसतो. दुसरी गोष्ट बाजूला टाकलेल्या चेंडूची. तो किंचित जरी मागे गेला तर तो पुढचा पास राहत नाही, आणि सुटला तर जमिनीवर पडूनही खेळ चालूच राहतो. खानापूरकडून जुलैचा पाऊस आला की आमच्याकडे तांबड्या चिखलात असे दोन-तीन चेंडू समोरच्यांनी उचलून पळवले आहेत. ओल्या चेंडूने बबल टाकताना रिसीव्हरला अर्धे पाऊल पुढे उभे करावे.

आता वहीबद्दल, कारण बहुतेकांचा तोल मैदानावर नव्हे तर आकड्यांत बिघडतो. विद्यापीठ-सामन्यांच्या आकडेवारीत क्वार्टरबॅक मागे पकडला गेल्याचे यार्ड रनमधून वजा होतात. समजा ३० रनमध्ये १४० यार्ड मिळाले आणि चार वेळा क्वार्टरबॅक पकडला जाऊन २८ यार्ड गेले, तर कागदावर ३४ रन आणि ११२ यार्ड दिसतात, सरासरी ४.७ वरून ३.३ वर येते, आणि चांगला चाललेला रन सोडून प्रशिक्षक घाबरून पासमागे लागतो. उलट बाजूने, पुढे टाकलेला बबल पासमध्ये मोजला जातो आणि मागे गेलेला रनमध्ये. म्हणून आपली वही वेगळी ठेवावी: रन आणि बाजूचे स्क्रीन एका रकान्यात, संथ स्क्रीन आणि ड्रॉ दुसऱ्यात, क्वार्टरबॅकची पकड तिसऱ्यात. प्रत्येक डावापुढे बॉक्समधला आकडा लिहावा. सात दिसत असताना रन का दिला, याचे उत्तर सामना संपल्यावर त्याच रकान्यात शोधावे.

समोरच्यांची गोलची रेषा दहा यार्डांवर आली की मात्र ही मोजणी बदलते. मागे राखायला जागाच न उरल्याने खोल उभा असलेला बचावपटू पुढे येतो, तीन रिसीव्हरांसमोर तिघे होतात, आणि बबलचा फायदा संपतो. तिथे क्वार्टरबॅकला स्वतः पळवावे. त्याला चेंडू दुसऱ्याच्या हाती द्यायचा नसल्याने रनिंग बॅकसुद्धा अडवायला मोकळा होतो, आणि एक डोके आपल्या बाजूला वाढते.